तिच्या दारासमोर भोंगा बंद

प्रचाराची रिक्षा गल्लीत शिरली तेव्हा दीपा अंगणात धुणं वाळत घालत होती. जिनिंग मिलकडून उडून आलेलं कापसाचं तूस तिच्या ओल्या ओढणीला चिकटलं होतं आणि ती ते चिमटीनं काढत होती. तेवढ्यात भोंगा बोलला —

"बंधू-भगिनींनो, विचार करा. पोरगी म्हणजे परक्याचं धन. आज उभी राहिली, उद्या लग्न करून जाईल. मग नळाचं पाणी मागायला तिच्या सासरी जाणार का? आपल्या हक्काच्या पुष्पाताईंनाच निवडून द्या..."

ती पोरगी म्हणजे दीपाच. वॉर्ड महिलांसाठी राखीव होता, पण जुन्या नगरसेविका पुष्पाताईंच्या विरोधात उभं राहायला कोणी धजेना. शेवटी शिकवण्या घेणाऱ्या दीपानं अर्ज भरला. अपक्ष. चिन्ह मिळालं शिट्टी.

तिनं बादली खाली ठेवली आणि सरळ रिक्षासमोर जाऊन उभी राहिली. आत एकटाच तरुण होता. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात माईक.

"माह्यं लग्न ठरलं वाटते," ती म्हणाली. "पोरगा कोण हाय, तेही सांगून टाका ना."

त्यानं घाईनं माईक बंद केला. "मॅडम, मी लिहिलं नाही ते. मी फक्त वाचतो."

"मग वाचा. माह्या तोंडावर वाचा."

त्यानं कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं... आणि कानापर्यंत लाल झाला.

"आवाज तं लय मोठा हाय तुमचा. माईक बंद झाला की कुठं जाते?" एवढं बोलून ती धुण्याकडे वळली. पाठीमागे रिक्षा बराच वेळ सुरूच होईना.

त्याचं नाव धम्मरत्न. आवाज असा, की दिग्रसमध्ये नेत्यांच्या सभेपासून हरवलेल्या बकरीपर्यंत सगळ्यांची दवंडी तोच द्यायचा. राहायचा नदीपल्याड, दुसऱ्या वॉर्डात, आईसोबत, किरायाच्या घरात. एवढी माहिती दीपाला दुपारपर्यंत मिळाली. तिनं विचारलं नव्हतं. म्हणजे, फारसं विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भोंगा पुन्हा आला. "पोरगी म्हणजे..." गल्लीच्या तोंडाशी ऐकू आलं, आणि तिच्या दाराशी येताच बंद. रिक्षा मुकाट्यानं पुढे गेली. चार घरं ओलांडल्यावर परत आवाज सुरू झाला.

मयत झालेल्या घरासमोर भोंगा बंद करायचा, ही तिकडची रीत. ती कोणी शिकवत नाही आणि कोणी मोडतही नाही. त्यामुळे समोरच्या शकुबाई पदर सावरत धावतच आल्या. "कोण गेलं व माय? देवरावभाऊ तं सकाळी चांगले होते..."

दीपाचे बाबा, देवराव, ओट्यावर चहा पीत बसले होते. "मी हाय ना अजून," ते म्हणाले. "बसा, चहा घ्या."

तोवर आणखी दोघी-तिघी जमल्या. कोणी गेलं नव्हतं, मग भोंगा काहून बंद झाला? बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, मग दीपाकडे पाहिलं. दीपा ओढणीवरचं तूस काढू लागली. त्या दिवशी ओढणीवर तूस नव्हतं.

संध्याकाळी चौकात तिची छोटी सभा होती. खुर्च्या कमी, माणसं बरी. भाषण पाठ केलं होतं, पण उभी राहिल्यावर ती वेगळंच बोलली. "लोक म्हणतात, पोरगी उद्या जाईल. तर ऐका. लग्न होवो न होवो, पाच वर्षं मी हा वॉर्ड सोडत नाही. शब्द देते."

टाळ्या पडल्या. पानठेल्याजवळ उभा असलेला धम्मरत्नही जोरजोरात टाळ्या वाजवत होता. मग मधेच त्याचे हात थांबले. शब्दाचा अर्थ त्याला जरा उशिरा कळला असावा.

सभा संपल्यावर तो जवळ आला. "जयभीम. चांगलं बोलल्या."

"जयभीम. विरोधकाच्या सभेत कसे?"

"घसा तिकडं दिला हाय. कान माझेच हायेत." तो थोडा रेंगाळला. "एक विचारू? तुमच्यासमोर शिट्टी वाजवली, तं तो प्रचार होईन की छेडछाड?"

"वाजवून पाहा," दीपा म्हणाली. "बाबा सांगतीन."

तो हसला. माईकवरच्या आवाजापेक्षा त्याचं हसू पुष्कळ लहान होतं, जवळच्यालाच ऐकू येईल एवढं. जाताना तिनं विचारलं, "सगळ्या उमेदवारायले ताई म्हणता. मलेच मॅडम काहून?"

"तुमाले ताई म्हणनं..." तो रिक्षाची किल्ली चाचपडत राहिला, "नाही जमत मले."

प्रचार संपेपर्यंत रिक्षा रोज आली आणि तिच्या दारासमोर रोज मुकी झाली. पुष्पाताईंच्या माणसांनी त्याला दटावलं, तेव्हा तो म्हणाला म्हणे, वायर तिथंच ढिली होते.

मतदान झालं. मोजणी मात्र पुढे ढकलली गेली. पेट्या बंद, उमेदवार लटकलेले. त्या रिकाम्या दिवसांत एका दुपारी तो बसस्टँडजवळ भेटला. दीपा शिकवणीच्या पोरांसाठी वह्या घेऊन येत होती. त्यानं दोन चहा सांगितले.

"निकालानंतर आई तुमच्याकडं यायचं म्हणते," तो कपाकडे बघत म्हणाला. "बाबायले भेटाले."

दीपानं कप खाली ठेवला. किती दिवस ती हेच वाक्य ऐकायला बसली होती... आणि आता ते नको झालं.

"तुमचं घर नदीपल्याड," ती हळूच म्हणाली. "मी भर चौकात काय बोलली, ते तुमी ऐकलं."

"जिंकल्या तं पाच वर्षं थांबू. हारल्या तं मग..."

"हारली तरी. शब्द लोकायले दिला, धम्मरत्न. मतायले नाही दिला."

तिनं पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं होतं, आणि तेही नकार देताना. चहा निवून गेला, वर साय धरली. दीपा वह्या उचलून निघाली. वळून पाहायचं नाही, असं ठरवून ती चालत राहिली, आणि कोपऱ्यावर वळून पाहिलंच. तो तिथं नव्हता.

निकाल लागला. दीपा अकरा मतांनी हरली.

गुलाल पुष्पाताईंच्या दारात उडाला. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते चूल पेटवायला गेले. ती ओट्यावर बसून राहिली. संध्याकाळी ओळखीचा भोंगा आला. "पुष्पाताईंना विजयी केल्याबद्दल समस्त मतदारांचे..." दारासमोर आला आणि बंद झाला. या वेळी मात्र रिक्षा पुढे गेली नाही.

मागे एक गादी, दोन पेट्या, शेगडी आणि बादली बांधलेली होती. त्याची आई त्यावर हात ठेवून बसली होती.

"हे काय?" दीपा उठून उभी राहिली.

"शकुमावशीची वरची खोली घेतली," धम्मरत्न म्हणाला. "आपण चहा पेलो ना, त्याच सांजेले पक्की केली. तुमी जिंकसान का हारसान, तवा मले काय मालूम."

"अन् मी नाहीच म्हणली तं?"

"तं चांगला शेजारी होईन." त्यानं मान खाली घातली. "तुमाले जाता येत नाही. मले येता येते. एवढंच डोस्क्यात आलं."

त्याची आई रिक्षातून म्हणाली, "पोरी, लोक सून घरी नेतात. आमाले सुनेच्या गल्लीत यावं लागलं. पाणी तरी येते का इथं नळाले?"

"नाही येत," दीपा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि ती हसत होती. "त्याच्यासाठीच तं भांडून राह्यली मी. उद्यापासून तुमीबी चला."

समोरच्या घराचं दार करकरलं. भोंगा बंद झालेला ऐकून शकुबाई सवयीनं पदर सावरत बाहेर आल्या होत्या. आपलाच भाडेकरू दारात आहे, हे अजून त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आता कोण गेलं व?"

दीपानं रिक्षातली बादली खाली उतरवली. बादलीच्या कडीला त्याचाही हात होता. तो तिनं तसाच राहू दिला.

"कोणी नाही गेलं, मावशी," ती म्हणाली. "कोणी कुठं जाऊन नाही राह्यलं."