पाटीवरची एकोणीस नावं

"सई, कडी लाव आणि इकडे बस," काशीनाथकाका म्हणाले. "हे कुठे वाचलेलं नाही. यतीन डहाणूच्या ऑफिसात माझ्या शेजारच्याच टेबलावर बसायचा. हसायचं असेल तर आताच हसून घे."

गेल्या वर्षीची मार्गशीर्ष अमावास्या, शुक्रवार. संध्याकाळी सहाच्या सुमाराला यतीन सायवनच्या पलीकडच्या एका पाड्यावर पोचला. तिथली दगडखाण बंद पडून बारा वर्षं झालेली. क्रशरच्या रिकाम्या शेडमध्ये पाड्यातल्या लोकांनी खाणीचं संग्रहालय मांडलं होतं. सकाळी उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते. भिंतीवरची नावांची एक पाटी त्यांच्या नजरेला पडायला नको, काढून आण, एवढंच साहेबांनी यतीनला सांगितलं होतं.

आत शिरताच त्याचं डोकं फिरलं. आठ घण. गंजलेल्या पहारी. खडी वाहायच्या टोपल्या, प्रत्येकीखाली खडूनं एका बाईचं नाव.

"हे बघायला माणसं येणार? भंगारवालासुद्धा फुकट नेणार नाही!"

राखणदार लाहू जन्मभर त्याच खाणीत राबलेला. तो दाराशी उभा होता. यतीननं स्टुलावर चढून पाटीला हात घातला, तेव्हा मात्र हात आडवा धरत पुढे आला.

"साहेब, ती नको. धुळीनं गेलेली माणसं हायेत. एकोणीस. माझी बायको शुक्री पण हाय त्यात."

"मग घरी लाव, देवघरात. पाहुण्यांपुढे मढी कशाला मांडता?"

लाहूनं हात मागे घेतला. "न्या. पण एकट्याला झेपायची नाहीत."

यतीन हसला. पत्र्याची पाटी ती, एका हातानं उचलली. बाइकच्या मागे दोरीनं बांधली नि निघाला.

सायवन मागे पडलं. पावणेसात. मिट्ट काळोख. चढावर बाइक रडायला लागली. मागचं चाक दबलं, डबलसीट असावं तसं.

मग कुणीतरी खोकलं.

अगदी मानेजवळ. कोरडं.

त्यानं आरशात पाहिलं. पाटी. दोरी. बास.

"भिकारडा रस्ता," तो मोठ्यानं म्हणाला.

पुन्हा खोकला. आता बाईचा. मग आणखी एक... मग किती, ते कळेना. बाइक बंद पडली.

"कोण आहे?"

खोकला थांबला. एकदम. कानाशी कुणीतरी श्वास घ्यायला बघत होतं. ओढत होतं... येत नव्हता...

यतीननं दोरी ओरबाडली. पाटी गटारात भिरकावली. "गेलात उडत!"

बाइक पहिल्या किकला सुरू झाली. रानशेतला त्यानं दोन कप चहा प्यायला, आणि सोमवारी ऑफिसात हाच किस्सा टाळ्या देत सांगितला.

कसं कळलं देव जाणे, पाटी लाहूनं पहाटे शोधली, पुसली, जागेवर लावली. पाहुणे आले, फीत कापली, फोटो काढले, गेले. एकानंही ती वाचली नाही.

"मग? झालं?" सईनं विचारलं.

"नाही," म्हणून काका पुढे सांगू लागले.

होळीच्या आसपास यतीनला धाप लागायला लागली. एक जिना चढवेना. मीच त्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला, बराच वेळ.

"फुप्फुसात दगडाची भुकटी बसलीय. जुनी आहे. खाणीत किती वर्षं होता?"

"मी?" यतीन म्हणाला. "मी क्लार्क आहे."

डॉक्टरांनी फोटो पुन्हा काढायला लावला.

तसाच आला.