गाडीतलं आठवं गाणं

लाइट गेली तर जाऊ दे. बसा गप. ही गोष्ट लवूची, आमच्या शेवंतीच्या मुलाची. तो भाड्याची गाडी चालवतो, तुम्ही सगळे कधी ना कधी बसला आहात तिच्यात.

शेवंती आणि मी मासे विकायचो. देवगडच्या बंदरावर पहाटे टोपली भरायची आणि सडा, म्हणजे कातळाचा उंच माळ, चढून गावात यायचं. सड्याच्या वळणावर राखणदाराचा दगड आहे; गाव राखणारा तो, रात्री घुंगरांची काठी आपटत फिरतो म्हणतात. तिथे गाणं-बजावणं नाही, बाईमाणसाचा आवाज तर नाहीच, असा गावाचा नियम. मी मुकाट जायचे. शेवंती नेमकी तिथेच गळा सोडायची:

सड्यावरच्या राखणदारा, वाट माजी सोड गा
टोपलेत माज्या बांगडे, घरात झिल ल्हान गा

तो ल्हान झिल म्हणजे लवू.

शेवंती गेली. तिची सात गाणी एका कॅसेटवर होती, ती चिरकायला लागली. लवूने जामसंड्यात निकेतच्या कॉम्प्युटरच्या दुकानात ती सीडीवर उतरवायला दिली. पहिली सीडी दुकानात झकास वाजली. गाडीत घातली तर नुसती घरघर, आणि बाहेर.

लवूने तिचे दोन तुकडे निकेतच्या पुढ्यात टाकले. "मेल्या, माका फसवतंस?"

"कॉम्प्युटराची येगळी, गाडयेची येगळी," निकेत म्हणाला. "गाडयेक ऑडिओ सीडी व्हयी. सावकाश बर्न करून बंद करतंय. मगे तिच्यात कोणाक कायएक घालूक जमाचा नाय."

दुसरी सीडी झाली. पण उतरवता उतरवता कॅसेट तुटली, आणि जागा हवी म्हणून निकेतने कॉम्प्युटरमधलंही पुसून टाकलं. आईचा आवाज उरला तो त्या एका चकतीत.

साल दोन हजार चार. फाल्गुन शुद्ध दशमी, रात्रीचे अकरा. लवू सीडी घेऊन घरी निघाला. वाटेत हरिश्चंद्र गाडीत बसला. देवळात गावासाठी देवाला गाऱ्हाणं घालणारा, गावाचा मानकरी. शेवंतीचं ते राखणदाराचं गाणं चालू होतं. वळण जवळ आलं.

"बंद कर ता. मेलेल्या बायलेचो आवाज राखणदाराच्या हद्दीत नको. सीडी उद्या खाडयेत टाक."

"जितेपणी तिका गप करूक जमला नाय तुमका."

"बंद कर म्हणतंय!"

"नाय करूचंय."

शाबास! अरे, तो नियम राखणदाराच्या तोंडून कोणी ऐकला होता? हरिश्चंद्राच्या आज्याने सांगितला आणि बायकांनी तोंडं मिटली.

असो. दगडापाशी गाडी बंद पडली. दिवे गेले. लवूने किल्ली फिरवली... काही नाही.

गाणं मात्र चालूच.

चांदणं. उघडा कातळ. वारा नाही.

मग मागून... काठी. घुंगरांची.

ठक... छुम.

हरिश्चंद्राने लवूचा दंड धरला. गावाचं गाऱ्हाणं घालणारा तो, लवूच्या खांद्याआड दडला.

ठक... छुम. गाडीच्या मागे. मग बाजूला. लवूच्या काचेशी येऊन थांबली.

बाहेर कोणी नाही.

गाणं संपलं...

पण लवू पोर कोणाचं! त्याने काच खाली फिरवली. म्हणाला, "आयक. आवस आसा माजी." आणि आईचं तेच गाणं पुन्हा लावलं. पहिल्यापासून.

काठीने ठेका धरला.

गाणं सरलं तशी गाडी आपली आपण चालू झाली.

हरिश्चंद्राला विचारा, म्हणतो, मला झोप लागली होती. झोप! मग लवूच्या दंडावर चार नखं कोणाची उमटली होती?

सकाळी लवूने सीडी निकेतकडे नेली. कॉम्प्युटरवर सातच गाणी. गाडीत घातली... आठ.

"बंद केलेली सीडी रे," निकेत म्हणाला. "कोण घालतलो?"

मला लवूने ते आठवं गाणं गाडीत बसवून ऐकवलं. आधी काठी. ठक... छुम. मग शेवंती. वर्षानुवर्षं मी तिच्या शेजारून चालले, हे कडवं तिने कधी म्हटलं नव्हतं:

टोपली माजी रिकामी आता, झिल माजो मोठो गा...