कुऱ्हाडीनंतरची हळद

कॅसेट परत द्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी कॅसेट काउंटरवर ठेवतं, मग तोंड उघडतं. हा मात्र कॅसेट छातीशी धरून उभा होता आणि मृणालीकडे असा बघत होता, जणू तिनंच त्याचं काहीतरी उचलून नेलंय.

"बोला," ती म्हणाली.

"तुम्ही..." तो अडखळला. "न्हाय, काय न्हाय. तक्रार हाय."

त्याच्या केसांत, भुवयांवर, अगदी कानाच्या पाळीवरसुद्धा कापसाचे बारीक तंतू अडकले होते. म्हणजे लूमवाला, यंत्रमागावरचा, आणि शिफ्ट सुटल्यावर घरी न जाता थेट इकडे आलेला. माणसं अशी वाचायची मृणालीला खोडच होती. अंजूरफाट्यावरच्या त्या व्हिडिओ लायब्ररीचं रजिस्टर ती सात वर्षं लिहीत होती, आणि त्यावरून अर्ध्या भिवंडीची कुंडली तिला पाठ होती. छडीवाले मास्तर रडके कौटुंबिक सिनेमे नेतात आणि जपमाळवाल्या काकू मारामारीचे, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. रजिस्टरात शेवटचा एक रकाना तिनं स्वतः आखला होता: टेप गुंडाळून दिली, की तशीच आणून टाकली? सिनेमा बघून टेप मागे गुंडाळून देणारा माणूस संसाराला भरवशाचा, असा तिचा सिद्धांत होता. आजवर एकही तरुण मुलगा त्यात उत्तीर्ण झाला नव्हता.

तिनं त्याच्या हातातली कॅसेट उलटून पाहिली. गुंडाळलेली होती. अगदी पहिल्या इंचापर्यंत.

"तक्रार काय?" तिचा आवाज आपोआप एक पायरी खाली आला.

"मी भूपेश. पडघ्याचा. भाच्यांसाठी नेली व्हती. वर लिवलंय बघा... 'नाताळबाबा, बालचित्रपट'." त्यानं लेबलावर बोट ठेवलं. "धाव्या मिनटाला नाताळबाबानं कुऱ्हाड काढली."

मृणालीनं ओठ दाताखाली धरला. हा प्रताप तिच्या बाबांचा. मुंबईतलं एक दुकान बंद होताना केसरीनाथांनी तिथल्या सात इंग्रजी कॅसेटी उचलून आणल्या होत्या. सगळ्या वीसेक वर्षांपूर्वीच्या, सगळ्यांवर लाल टोपी आणि पांढरी दाढी. चित्र पाहून त्यांनी त्या लहान मुलांच्या फळीवर लावल्या आणि मोकळे झाले. मृणालीनं मात्र त्या सातही पाठ केल्या होत्या. दर सिनेमात बर्फ, दर सिनेमात एकटं घर, फोन मेलेला, बाहेर घंटा किणकिणतेय आणि लाल झग्यातला कुणीतरी खिडकीशी. एक मुलगी तळघरात एकटी जाते, ती जाते ती जातेच. आणि एक मुलगी असते, जी किंचाळायची थांबते आणि हाताला लागेल ते उचलते. मृणालीला ती आवडायची.

"पोरं घाबरली असतील."

"पोरं कशाला घाबरतायत! पोरं जेवत न्हाईत. शेवट न्हाय ना त्याच्यात! ती पोरगी दाराला पाठ लावून उभी, कुऱ्हाड अशी वर जाते... आन् हळद लागते."

"काय लागते?"

"हळद! बेंजो, नाच, सगळं. आमची आय, ठकुबाई, म्हणते पोरगी वाचली, लगीनबी ठरलं. पण सोनेरी केस एकाएकी काळे कसे झाले, यावरनं घरात तीन दिस भांडण हाय."

मृणालीनं कॅसेट प्लेअरमध्ये सारली आणि पुढे पळवली. बर्फ, दार, कुऱ्हाड... आणि पडद्यावर मुंग्या येऊन खरंच तिच्याच राहनाळच्या घरच्या अंगणातला मांडव उगवला. चुलतबहीण करिष्माची हळद, दोन वर्षांपूर्वीची. आणि मधोमध, हिरव्या साडीत, कोपरापर्यंत पिवळी झालेली, बेभान नाचणारी एक मुलगी.

ती स्वतः.

तिनं हळूच मान वळवली. भूपेशचे कान कापसाच्या तंतूंखाली लालबुंद झाले होते.

"म्हणून मघापासून बघत होतात?"

"मी तक्रार द्यायला आलो," तो जमिनीला म्हणाला.

यावर ती आणखी छळणार होती. पण तेवढ्यात पडद्यावरचा बेंजो थांबला, आणि मांडवात बसलेल्या एका म्हातारीनं कानावर हात ठेवून धवला उचलला. मृणालीचा हात तसाच राहिला. ती सीताबाई होती. तिची आजी. आगरी लग्नातली पारंपरिक गाणी, धवले, म्हणणारी म्हणून खाडीपट्टीत नाव होतं तिचं, आणि गेल्या वर्षी ती गेली तेव्हा तिचा आवाज कुठेच उरला नव्हता. हळदीच्या चित्रणाचा तिसरा भाग हरवला, म्हणून केसरीनाथ दर सणाला घर उलथंपालथं करायचे आणि कॅमेरावाल्याच्या सात पिढ्या काढायचे.

मृणालीनं कॅसेट बाहेर काढली. मागची छोटी पट्टी मोडून खाच पडलेली असली की कॅसेटीवर चित्रण होत नाही. ती खाच कुणीतरी कागदाच्या बोळ्यानं बुजवली होती. बोळा उलगडला, तर करिष्माची लग्नपत्रिका! मग तिनं रजिस्टर मागे चाळलं. हळदीच्या आदल्या दिवशी ही कॅसेट चिंधू रिक्षावाल्यानं परत केली होती. शेवटचा रकाना: तशीच आणून टाकली. बहुतेक कुऱ्हाडीलाच घाबरून त्यानं सिनेमा बंद केला असणार.

सगळं लख्ख झालं. हळदीच्या रात्री कोरी कॅसेट संपली, बाबा दुकानात धावले आणि हाताला लागलेली कॅसेट कॅमेऱ्यात कोंबली; चिंधूनं सिनेमा थांबवला होता तिथूनच हळद चढली, आणि नंतर कॅसेट परत फळीवर गेली. आणि आगऱ्याच्या हळदीत त्या वेळेला कोणता पुरुष काय लक्षात ठेवण्याच्या स्थितीत असतो?

"रडताय?" भूपेशनं घाबरून विचारलं.

"धूळ आहे," ती म्हणाली. "आणि ही गोष्ट कुणाला सांगायची नाही. कळलं?"

---

कारण गोष्ट बाबांना सांगितली असती, तर त्यांनी कॅसेट देव्हाऱ्यात नेऊन ठेवली असती आणि लायब्ररी ठरल्याप्रमाणे बंदच केली असती. नव्या वर्षाला, म्हणजे २००४ उजाडताच, त्या गाळ्यात मोबाइलचं दुकान येणार होतं.

"हल्ली कॅसेट कोण बघतंय गो?" केसरीनाथ त्या संध्याकाळी म्हणाले. "तुझ्या त्या लाल टोपीवाल्याला पन्नास माणसं आणून दाव एका टायमाला. मंग मी त्या मोबाइलवाल्याला नाय म्हणून सांगतो."

"शब्द?"

"केसरीनाथचा शब्द हाय."

ते हसत निघून गेले. मृणाली हसली नाही. सात वर्षांचं रजिस्टर तिनं पोटाशी धरलं. ते गेलं की आपण कोण? गोदामवाल्यांच्या मुलांना चहा-पोह्यांबरोबर दाखवायला बसवलेली एक बाहुली.

भूपेश दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. तीच कॅसेट नेई, तीच परत आणी, गुंडाळून. चौथ्या दिवशी तिनं त्याला सगळं सांगून टाकलं.

"पन्नास ना? मानसं हायत," तो सहज म्हणाला. "आमच्या शेडमधी मी गोष्ट सांगितली... कुऱ्हाडीपर्यंत. आता जेवायच्या सुट्टीत यूपीवाले मला घेरून बसतात. 'भाई, लडकी बची की नहीं?' शेजारच्या शेडवालेबी इचारायला लागलेत."

"पण शेवट पुसला गेलाय. दाखवायचं काय?"

तो गालात हसला. "मी काय काम करतो, इचारलंत का कधी?"

"काय?"

"लूमवरचा बीम, म्हंजे धाग्यांचा रूळ, संपला की नव्या बीमचे धागे जुन्याला जोडतो. एकेक करून, दोन हजार. कापडावर जोड दिसला तर मालक शिव्या देतो." त्यानं बोटं पुढे केली. लांब, निवांत बोटं. मृणालीनं ती जरा जास्तच वेळ पाहिली. "दुसऱ्या एकाद्या लाल टोपीवाल्याचा शेवट हाय का?"

होता! तिसऱ्या नंबरची कॅसेट सुरुवातीला बुरशीनं खाल्ली होती, पण शेवट शाबूत होता. तिथेही बर्फ, तिथेही कुऱ्हाड, तिथेही सोनेरी केस.

"चेहरा वेगळा आहे," ती म्हणाली.

"मरणाच्या दारातनं परत आल्यावर मानसाचा चेहरा बदलतोच की."

"फार बोलता हो तुम्ही!"

"तुम्हीच बोलायला लावता."

दुकानामागच्या खोलीत, दुपारच्या उन्हाच्या एका पट्ट्यात, दोघं कॅसेट उघडून बसली. तो शेवट कुऱ्हाड आणि हळद यांच्या मधोमध बसवायचा होता. ती टेप ताणून धरी, तो पात्यानं तिरपा छेद देई आणि श्वास रोखून चिकटपट्टी लावी. दुकानात चालू प्लेअर एकच, आणि रेकॉर्ड करणारं यंत्र केव्हाच मेलेलं. म्हणजे आजीचा आवाज जगात एवढ्या एकाच फितीवर होता. जोड प्लेअरमध्ये अडकला, तर फीत चुरगळून संपली असती.

"भीती वाटते?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला?"

"मला... टेपची न्हाय." त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं आणि कुणीच ते बाजूला घेतलं नाही. "तळघरात एकटं जाऊ नये म्हणता ना तुम्ही? आपण दोघं हाय."

---

सव्वीस डिसेंबर, शुक्रवार. शुक्रवारी लूम बंद, आणि खटखट थांबलेली भिवंडी कान धुतल्यासारखी स्वच्छ ऐकू येते. राहनाळला केसरीनाथांचं एक गोदाम रिकामं होतं. भर दुपारी शटर ओढून मृणालीनं तिथे अंधार केला, भाड्याचा प्रोजेक्टर आणि मोठा पडदा लावला, आणि बाहेर फळ्यावर एकच ओळ लिहिली: 'पोरगी वाचली का?'

केसरीनाथ दाराशी खुर्ची टाकून माणसं मोजायला बसले होते. पन्नासाव्या माणसाला त्यांनी मिशी चाचपली. सव्वाशेनंतर मोजायचं सोडलं. शेडच्या शेड लोटल्या होत्या. पडघ्याहून टेम्पो भरून आला होता. त्यातून नऊवारीतल्या ठकुबाई उतरल्या आणि थेट पहिल्या ओळीत जाऊन बसल्या.

सिनेमा सुरू झाला. इंग्रजी एक अक्षर कुणाला कळत नव्हतं आणि कुणाचं अडतही नव्हतं. "मत जा, अंदर मत जा!" "मागं बघ गं, मागं!" तळघराची पायरी आली तेव्हा दोनशे माणसांनी एकदम श्वास ओढला. मृणाली प्लेअरपाशी बसली होती, शेजारी भूपेश. पडद्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

दार. पाठ. कुऱ्हाड वर गेली...

तिनं डोळे मिटले आणि त्याचा हात घट्ट धरला. प्लेअरनं एक बारीक 'चर्र' केलं. पडद्यावर पांढरी रेघ धावली... आणि निघून गेली. जोड टिकला! दुसरीच मुलगी, तेच सोनेरी केस, शेकोटीतली सळई उचलून उभी राहिली आणि तिनं लाल टोपीवाल्याला जिन्यावरून जो ढकलला, तो थेट बर्फात. गोदामाचं छप्पर शिट्ट्यांनी उडायचं राहिलं. माणसं खुर्च्यांवर चढली. ठकुबाईंनी पदर खोचला आणि मागे वळून जाहीर केलं, "मी म्हणत व्हते का न्हाय!"

आणि बेंजो सुरू झाला. हळद! लोकांना वाटलं, ही त्याच आनंदाची वरात. मग काय, पोरं नाचायला लागली, यूपीवाले नाचायला लागले.

मग बेंजो थांबला. सीताबाईंनी कानावर हात ठेवला.

तो आवाज गोदामात भरत गेला तशी नाचणारी पावलं थांबत गेली. केसरीनाथ खुर्चीतून उठले. गर्दीतून वाट काढत पडद्यापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले, चेहऱ्यावर आईच्या हिरव्या लुगड्याचा उजेड घेऊन. धवला संपेपर्यंत ते हलले नाहीत.

"कुठं होती ही?" वळून त्यांनी लेकीला विचारलं.

"लाल टोपीवाल्याच्या पोटात. तुम्हीच घातली होती, बाबा." मृणालीनं पत्रिकेचा बोळा त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो उलगडला. मग नाक पुसून दणक्यात ओरडले, "त्या मोबाइलवाल्याला कुणीतरी फोन करा रे! सांगा, गाळा भरलाय. माझी पोर बसते तिथं."

---

गर्दी पांगल्यावर मृणालीनं रजिस्टर उघडलं.

"एक हिशेब लागत नाही. एकच कॅसेट, नऊ वेळा? शेवट नाही हे पहिल्याच वेळी कळलं होतं ना?"

"मला शेवटच बघायचा व्हता," भूपेश म्हणाला.

"कुठला?"

"हिरव्या साडीचा." आज डोक्यात एकही तंतू नव्हता, तरी कान लाल होतेच. "मृणाली... दोन हजार धागे जोडताना माझा हात कधी थरथरला न्हाय. तुमच्या बोटाला लागला तवा थरथरला. बस, एवढंच. पुढचं तुम्ही लिवा."

पेन उघडून नवव्या नोंदीसमोर, शेवटच्या रकान्यात तिनं काहीतरी लिहिलं आणि रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं.

'परत घेणार नाही. ठेवून घेतला.'

त्यानं ते दोनदा वाचलं. मग शटरकडे पाहिलं. तिथे ठकुबाई आणि केसरीनाथ शेजारी बसून चहा पीत होते, आणि ठकुबाई मोठ्यानं विचारत होत्या, "ती हिरव्या साडीतली पोर तुमची का? तिचं कुठं जमलंय?"

भूपेशनं शर्ट खाली ओढला, घसा साफ केला आणि एक पाऊल टाकलं.

"ए," मृणालीनं मागून त्याची बाही धरली. "नऊ वेळा सिनेमा पाहून काहीच शिकला नाहीस? तिथे एकटं जायचं नसतं."

आणि ती त्याच्या पुढे निघाली.