जुनी नेली, नवी ठेवली

भंडाऱ्याच्या टॉकीजबाहेर वीस वर्षं सायकल स्टँड सांभाळलेले भैय्याजी चोराची चाल डोळे मिटून ओळखत. एकदा म्हणे त्यांच्या नुसत्या शिंकेनं चोर सायकल टाकून वैनगंगा पोहून गेला. ते आता राहत त्या कारधा गावात यावर कुणाचा विश्वास नव्हता. होता तो त्यांच्या सोबतीच्या टिकाराम शिंप्याचा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रकला आली. वर्षापूर्वी तिचा नवरा केवळराम सायकलवरून ट्रकखाली गेला होता. त्याच्यामागं उरलेली ती सायकल आज पहाटे, चंद्रकला पाण्याला गेली असताना, कुलूप असूनही अंगणातून नाहीशी झाली.

"सोमवारी बालवाडीत हजर व्हायचं आहे, भैय्याजी. चार कोस वाट, मोटर जात नाही. नाही गेली तं दुसरी बाई घेतील."

भैय्याजी आणि टिकाराम तिच्या घरी पोचले, तेव्हा अंगणात शेजारच्या ताराचंदची नवीकोरी सायकल उभी होती.

"माह्या सायकलले ताळा बी नसते," ताराचंद गुरगुरला. "बायांनं सायकल चालवनं मले पटत नाही, पन म्हनून चोरी करू?"

रस्त्याच्या तोंडाशी बाबूलालचं पंक्चरचं दुकान.

"विकत मागतली होती मी, खोटं काहून बोलू? पन पहाटपासून इथंच बसून आहो. एक सायकल गेली नाही इथून."

सासू गोदावरीबाई ओलं लुगडं पिळत होती. काठाला शिंगाड्याचा वेल चिकटला होता.

"गेली तं गेली," ती एवढंच म्हणाली.

भैय्याजींनी घरात डोकावून पाहिलं. सायकलची किल्ली देवाजवळच्या खिळ्यावर होती. काल पूजेत हँडलला घातलेली झेंडूची माळ तुळशीच्या मुळाशी नीट ठेवलेली. घरामागच्या चिखलात बोडीच्या तळ्याकडे जाणाऱ्या चाकांच्या दोन रेघा.

"बाबूलालच!" टिकाराम म्हणाला.

"शिंपी आहेस, टाका तं नीट घाल. चोर आधी बिनताळ्याची पाहते. नवी सोडून जुनी, ताळ्याची कोन नेईल? ताळा लावलेली नेली तं मागचं चाक उचलून न्यावं लागते. रेघ एकच पडते. इथं दोन आहेत. म्हंजे ताळा उघडला, अन् किल्ली परत खिळ्यावर गेली. चोर रस्ता धरते, ही बोडीकडे गेली. अन् पूजेची माळ पायदळी येऊ नये, याची काळजी कोनता चोर करते?"

भैय्याजी म्हातारीकडे वळले. आवाज खाली आला.

"बोडीत शिंगाडा आतल्या पान्यात आहे, माय. घाटावर नाही. आंघोळीले इतकं आत काहून गेली?"

गोदावरीबाईच्या हातून लुगडं सुटलं.

"पोरगा तिच्यावरच बसून गेला. आता हिले बी नेईल ते सायकल. मंग मी कोनाचं तोंड पाहू?"

चंद्रकलेनं पदर खोचला आणि सायकल काढायला ती बोडीत उतरली.

रविवारभर टिकारामनं चेन रॉकेलनं धुतली. घंटीचा आवाज मात्र पाण्यानं कायमचा बसला.

"वाजवत जाजो," सोमवारी सासू म्हणाली. "ऐकू येते तोवर मी दारातून उठत नाही."

घंटी वळणावरच्या बाभळीपर्यंतही ऐकू गेली नाही. संध्याकाळी टिकाराम त्या वाटेनं परतला, तेव्हा म्हातारी दारातच होती, कान रस्त्याकडे करून.