एकदा ओ दे गं

सांगतो ते ऐका, पण आधी तेवढा मोबाईल बंद करा.

वीरेश उदगीरचा. लग्नाची गाणी करणं हा त्याचा धंदा. घरामागच्या खोलीत माईक, कीबोर्ड आणि भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या. माणूस वाईट नव्हता, पण चांगला सूर कानावर पडला की उचलायचा, ही जित्याची खोड.

मार्चमध्ये तो बायकोच्या मावशीच्या, केवळाबाईच्या मयतीला जळकोटला गेला. आमच्याकडं बाया नुसत्या रडत नाहीत. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन सूर धरून रडतात. शेजारची नागम्मा म्हातारी रडत होती,

"केवळे, उंबऱ्यात ये गं… एकदा ओ दे गं…"

ऐकणाऱ्याचं काळीज हललं. या पठ्ठ्यानं खिशातल्या खिशात मोबाईल चालू केला.

घरी येऊन त्यानं त्या सुराला हलगीचा ठेका लावला. पण मेलेल्या बाईच्या नावावर कोण नाचणार? मापात बसणारं दुसरं नाव हवं होतं. सात वर्षांची लेक दारातच खेळत होती. "सुकन्ये, उंबऱ्यात ये गं…" कसं चपखल बसलं!

गाणं नेटवर चढवलं आणि असं चाललं म्हणता! अक्षता पडल्या की डीजेवर हेच. नांदेडच्या एका पोरीनं ते संथ करून गायलं, लातूरच्या कॉलेजात गिटारवर झालं, कंधारच्या बँडवाल्यांनी आपलं वेगळं काढलं. नाव मात्र कुणी बदललं नाही. लोकांना तेच आवडलं होतं.

एप्रिलात एके दुपारी जेवता जेवता सुकन्या म्हणाली, "ओ."

"कुणाला ओ दिलीस गं?" तिची आई, शिवांगी, म्हणाली.

"हाका मारायलेत की."

बाहेर रणरणत्या उन्हात चिटपाखरू नव्हतं.

मग घासागणिक ओ. अंघोळ करताना ओ. लग्नाची दाट तिथ असली, गावोगाव मांडव असले की पोरीला दम खाता यायचा नाही. घसा बसला, अंग वाळलं. डॉक्टर म्हणाले, ऊन बाधलंय. पण तिथ नसली की पोर चार घास जेवते, हे वीरेशच्या ध्यानात आलं. त्यानं आपलं गाणं त्याच घडीला काढून टाकलं. दुसऱ्यांनी गायलेली शंभरेक होती, ती कोण काढणार?

तो तडक जळकोटला गेला. नागम्मा ओसरीवर लसूण सोलत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"जित्या लेकराचं नाव घातलास? आरं, ते बोलावणं हाय! गेलेल्याला बोलवायचं, पोटभर रडायचं, अन् तेराव्याला शेवटचा सूर धरून वाटंला लावायचं. मग त्या नावानं पुन्हा कुणी रडत न्हाई."

"तो शेवटचा सूर मला सांगा, मावशी. मी गातो. हाका तरी थांबतील…"

"थांबतील की." म्हातारीनं लसूण बाजूला सारला. "त्यात 'जा' म्हणतेत, लेकरा. म्हणशील का पोरीला… जा?"

वीरेशनं कानांवर हात ठेवले. तो सूर त्यानं ऐकूनसुद्धा घेतला नाही.

तो घरी पोचला तेव्हा चार वाजले होते. शिवांगी हसत सामोरी आली.

"अहो, तासाभरात एक बी ओ न्हाई! पोटभर जेवली, वेणी घालून घेतली. तुमचं नवं गाणं लागलं तेव्हापासून बघा."

"कसलं नवं गाणं?"

तिनं मोबाईल लावला. वीरेशच्याच नावावर, तीन वाजता चढवलेलं. आवाज त्याचाच, रडून बसलेला. "सुकन्ये, उंबरा सोड गं… जा बाई, आता जा गं…"

तीन वाजता तो बसमध्ये होता.

सुकन्या दारात चपला घालत होती. आपल्यात निघताना 'येते' म्हणतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"जाते, बाबा," ती म्हणाली आणि उंबरा ओलांडून गेली.

वीरेश धावला. रस्ता इकडून तिकडं मोकळा होता. पायरीवर तिच्या चपला होत्या.

"सुकन्या!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला. "सुकन्या…!"

मागं शिवांगीच्या हातातल्या मोबाईलवर गाणं अजून चालूच होतं. गाण्यातल्या त्याच्या आवाजामागून, लांबून, बारीक आवाज आला,

"ओ…"