भाताच्या पोत्यांतला इतिहास

"काका, या पोत्यांना कुबट वास येतोय!" सरूने झेंडूचं तोरण अर्धवट सोडलं आणि टेबलावरच्या पोत्याला पुन्हा नाक लावलं.

"येणारच! भाताची पोती आहेत ती," महिपतीकाका शिडीवरून ओरडले. "तू तोरण बांध. संध्याकाळच्या समारंभात पाहुण्यांच्या हातूनच सुतळी सुटेल. तोवर कोणी हात लावायचा नाही!"

महिपतीकाका रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. मनाने चांगले, पण आपलं तेच खरं करण्यात पटाईत! दिवाळीच्या सुट्टीसाठी पुण्याहून नवी पुस्तकं आली, तेव्हा ओल लागू नये म्हणून त्यांनी ती घरच्या कोरड्या पोत्यांत भरली. मग साफसफाई काढली आणि फाटकी पुस्तकंही तसल्याच पोत्यांत कोंबली. घरात भात पिकतो, पोत्यांना काय तोटा!

नव्या पुस्तकांत पुंडलिक गुरुजींनी लिहिलेला खाडीकाठच्या गावांचा इतिहास होता. सगळ्या प्रती गुरुजींनी वाचनालयाच्या हवाली केल्या होत्या आणि छापखान्याने जुळवलेले अक्षरांचे खिळे केव्हाच मोडून टाकले होते, म्हणजे पुन्हा छपाई नाही. त्या पुस्तकात सरूच्या आजोबांचं नाव होतं. आजोबा आता नव्हते. आजीला, सीताबाईंना, अक्षरओळख नव्हती. आज सगळ्यांसमोर सरू तिला ते पान वाचून दाखवणार होती. आजी सकाळपासून ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती!

"शकू, कोऱ्या पुस्तकांना असा वास येतो?" सरूने मैत्रिणीच्या कानात विचारलं.

"नाय गो! पण काका उघडू देतील तर ना?"

"काका स्वतःच उघडतील," शकूचा धाकटा भाऊ मोरू म्हणाला आणि एकदम बोंबलला, "वाळवी! काका, पोत्यावर वाळवी चढली!"

काका शिडीवरून जवळजवळ घरंगळतच उतरले. पाहुणे, सुतळी, मानपान सगळं विसरून त्यांनी पोत्याचं तोंड ओढलं. आतून बाहेर पडली ती बिनपुठ्ठ्याची, पिवळी, उंदरांनी कुरतडलेली पुस्तकं. दुसरं पोतं उघडलं. तीच रडकथा!

"अरे देवा! मग नवी कुठं गेली?" काका मटकन खाली बसले.

शकू मागच्या दाराशी वाकून बघत होती. चौकटीवर पांढऱ्या भुकटीचा हात उमटला होता. तिने बोटाने चोळून पाहिलं.

"ही तर व्हायटिंग पावडर, मूर्तीच्या लगद्यात मिसळतात ती खडूची भुकटी! आमची कृष्णामामी पेणला गणपतीच्या कारखान्यात काम करते ना, तिच्या लुगड्याला कायम लागलेली असते. काका, पेणहून कोण आलं होतं?"

काकांचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला. "काल कारखान्यातला पोपट आला होता, टेम्पो घेऊन. दरवर्षी रद्दी नेतो, कागदाच्या लगद्याच्या मूर्तींसाठी. मी जेवत होतो. म्हटलं, दाराजवळची पोती उचल..."

आणि झाडलोट करताना नवी पोती दाराजवळ सरकवली होती ती काकांनीच!

"उद्या पहाटेच्या गाडीने जातो मी," काका पुटपुटले. "आज पाहुण्यांना सोडून कसं जाऊ?"

"उद्या गेलात तर लगदा घेऊन याल, काका!" सरूचा आवाज रडवेला झाला होता, पण पाय दाराकडे वळले होते. कारखान्यात फोन नव्हता. मामीकडे जातो असं घरी सांगून तिघंही एस.टी. स्टँडवर पळाली.

गाडी नागोठण्याला थांबली आणि चालक चहाला उतरला. तो बशीत फुंकर घालून, चवीचवीने चहा पीत होता! सरूला वाटलं, खाली उतरून त्याची बशीच पळवावी. डोळ्यांसमोर आजी येत होती. रोज संध्याकाळी ती विचारायची, "तुझ्या आजाचं नाव छापून आलं का गो?" तिला काय सांगायचं? त्या नावाचा गणपती झाला म्हणून?

पेणला पोचली तेव्हा कारखान्याला कुलूप! मंडळी जेवायला गेली होती. सरूने खिडकीच्या गजांतून आत डोकावलं. कच्च्या मूर्तींच्या रांगांपलीकडे सिमेंटची टाकी होती. टाकीत भाताची दोन पोती एकावर एक, अख्खीच टाकलेली, आणि नळाला लावलेल्या रबरी पाइपातून टाकीत पाणी पडत होतं!

"पोती सोडायचाही कंटाळा! भिजली की आपोआप फाटतील म्हणून टाकली असणार!" शकू किंचाळली. "नळाला पाणी दिवसातून एकदाच येतं, म्हणून चालूच ठेवून गेलेत. मी मामीला आणते!" आणि ती धावत सुटली.

"मोरू, तू मावशील गजांतून?"

"सकाळपासून पोटात काय नाय. मावणारच!"

अंग चोरत, ओरबाडून घेत मोरू आत घुसला. नळाची चावी जाम झाली होती. त्याने टाकीतून पाइप ओढून काढला, तर पाणी थेट मूर्तींच्या रांगेकडे धावलं!

"थांब, मूर्ती भिजतील! पाइप इकडे दे, खिडकीतून!"

मोरूने पाइपाचं तोंड गजांबाहेर फेकलं. सरूने ते दोन्ही हातांनी धरलं. ती नखशिखांत भिजली, पण पाणी गल्लीत जाऊ लागलं.

"काय गो पोरी, दिवाळीत शिमगा काय?" कृष्णामामी किल्ल्या खुळखुळवत आल्या. मागे शकू, आणि तिच्या मागे जांभया देत पोपट.

सगळ्यांनी मिळून पोती बाहेर ओढली. वरचं कोरडं! खालच्याचा तळ मात्र ओला झाला होता. सरूने सुतळी सोडली. गुरुजींचं पुस्तक त्याच पोत्यात होतं. पानांचे कोपरे भिजले होते, पण अक्षरं शाबूत होती. तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

"मला काय ठावं? पोती तर रद्दीचीच वाटली," पोपट म्हणाला.

"हात घालून बघायला काय झालं व्हतं?" मामी कडाडल्या. "काढ टेम्पो! आत्ताच्या आत्ता पोरांना रोह्याला सोड!"

टेम्पोत मागे बसून तिघांनी एकेक करून प्रती वाऱ्यावर धरल्या. रोहा येईपर्यंत पानं सुकली, जरा वेडीवाकडी फुगली एवढंच.

समारंभाला सगळा गाव लोटला होता. काकांनी सर्वांदेखत आपली चूक सांगितली. पाहुण्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. मग सरू उभी राहिली. आजी पुढच्या रांगेत, पदर सावरून.

"'त्या उधाणाच्या दिवशी बांध फुटून खांड पडली. खारं पाणी भातशेतीत शिरणार, तोच रघू पाटील त्या खांडीत उभे राहिले आणि त्यांनी एकट्याने बांध वाचवला...'"

"येकट्यानं?" आजी ताडकन म्हणाली. "मग चिखलाच्या टोपल्या कोण देत व्हतं त्यांना? मी, काशीबाई, बायजाबाई, कमरेएवढ्या पाण्यात रांगेनं उभ्या व्हतो की!"

सरूने पुस्तक खाली घेऊन आजीकडे बघितलं. आजीने एवढं मोठं काम केलं होतं आणि घरात कुणी कधी विचारलंही नव्हतं!

पुंडलिक गुरुजी सावकाश उठले. "सीताबाई, मी फक्त बाप्यांनाच विचारत फिरलो. चुकलं माझं."

पुस्तकावर पेन्सिलीची रेघ दिसली तरी कान पिळणारे महिपतीकाका पुढे आले आणि त्यांनी आपलं शाईचं पेन सरूच्या हातात दिलं. "लिही! सगळ्या प्रतींवर लिहायचं. सुट्टी अजून बाकी आहे तुमची."

सरूने 'एकट्याने' हा शब्द खोडला आणि समासात तिन्ही नावं लिहिली. आजी तिच्याजवळ आली, शाई वाळेपर्यंत त्या ओल्या अक्षरांकडे बघत राहिली.

"यांतली मी कुठली गो?" तिने हळूच विचारलं.

सरूने आजीचं बोट धरून पहिल्या नावावर ठेवलं.