मधाच्या रंगाची बाटली

“ए! हात नको लावूस तिला—”

पण उशीर झाला होता. वरच्या मजल्यावरून बर्फ मागायला आलेल्या त्या उंच मुलाने उजेड लागू नये म्हणून चंदेरी कागदात गुंडाळलेली तिची बाटली उचलली, कागद जरासा सोलला आणि... झाकणही उघडलं!

तिला रडूच फुटायचं बाकी होतं. प्रयोगशाळेत सगळे तिला ‘मिरची’ म्हणायचे. पण हल्ली मिरचीचा तिखटपणा पार उतरला होता. जिवाचं रान करून तिने एक एन्झाइम वेगळं केलं होतं. ते लालभडक बी-बारा जीवनसत्त्वाला एक इलेक्ट्रॉन देणार आणि लाल रंग पिवळसर होणार, असं ती छातीठोकपणे सांगायची. पण झाकण उघडून नमुना ओतून बघावा, तर आपला लालच! आज शेवटची संधी. नाहीतर मॅडम हे काम बंदच करणार होत्या.

“सॉरी...” तो पुटपुटला. “मधासारखा रंग दिसला ना, म्हणून वास घ्यावासा वाटला.”

“वास? शाळेत गेला होतास ना रे कधी?” ती फणकारली... आणि थबकली. “थांब. कसला रंग?”

“मधाचा. पण बघ, लाल होत चाललाय.”

तिने बाटली उजेडात धरली. खरंच की! हवा! बाहेरची हवा तो इलेक्ट्रॉन हिसकावून घेत होती. एन्झाइम बिचारं दर वेळी राबत होतं, आणि हीच झाकण उघडून त्याच्या कष्टांवर पाणी फिरवत होती!

नवी बाटली तयार झाली, तेव्हा तिने मॅडमना बोलावलं. झाकण घट्ट. कागद सोलला... आत मध! मॅडमनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

“कुणाच्या लक्षात आलं?”

“पाहिलं याने,” ती मान ताठ करून म्हणाली, “ओळखलं मी!”

“शाब्बास, मिरची!”

मॅडम गेल्या. त्याची बर्फाची बादली अजून रिकामीच.

“वर बर्फ मिळत नाही?”

“मिळतो की... पण जिन्यात तुझा आवाज येतो. ‘चल रे राजा, एकच इलेक्ट्रॉन दे!’ वाटायचं, माझ्यावरही कुणी एवढा विश्वास ठेवावा...”

त्याने संकोचून पुन्हा बाटलीकडे हात नेला. तिने तो वरच्या वर पकडला.

“बाटलीला हात नाही लावायचा.”

“बरं.”

पण हात तिनेही सोडला नाही. बाटलीतला मध तसाच राहिला. लाल झाले ते दोघांचे चेहरे!